टर्बो आहे, कंपनी नाही!

फियाट लिनिया टी-जेट. सेकंडहँड घेतली, पाच वर्षं चालवली. आधी प्रेमात पडले, मग स्पेअर पार्टच्या शोधात! आता २०२७ जवळ येतंय आणि घरात एकच विषय आहे : ठेवायची की विकायची?

पुण्यात स्पोर्टी सेदान बाळगणं म्हणजे गणपतीत लक्ष्मी रोडवर धावायचे बूट घालून जाण्यासारखं आहे. बूट झक्कास, पण धावणार कुठे? टॉमटॉमच्या २०२४ च्या ट्रॅफिक इंडेक्समध्ये आपलं पुणं जगातलं चौथं सर्वांत संथ शहर ठरलं. दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद, म्हणजे ताशी जेमतेम अठरा किलोमीटर. एवढ्यात तर बऱ्यापैकी दम असलेला सायकलवालाही टाटा करत पुढे निघून जाईल.

आणि मी? मी ११४ पीएसची टर्बो गाडी घेऊन त्याच रांगेत उभी असते. फर्स्ट गिअर, न्यूट्रल, फर्स्ट गिअर, न्यूट्रल. शेजारच्या रिक्षावाल्याशी आता तोंडओळख झालीय.

तुम्ही म्हणाल, मग घेतली कशाला? थांबा, सांगते.

तीन लाखांचं बजेट, तेरा लाखांची हौस

जानेवारी २०२१. मी चोवीस वर्षांची, फ्रीलान्सिंग नुकतंच रुळावर आलेलं आणि लॉकडाऊननंतर प्रत्येकाला 'स्वतःचं वाहन हवं' असा साक्षात्कार झालेला. बजेट तीन लाख. अर्धे माझ्या सेव्हिंगचे, अर्धे बाबांकडून उसने. या पैशात शहाणी माणसं छोटी, पांढरी, भरपूर मायलेज देणारी हॅचबॅक घेतात. बाबांनी तशा चार बघूनही ठेवल्या होत्या.

पण त्या यादीत नसलेली एक गाडी कोथरूडच्या एका सोसायटीत धूळ खात उभी होती. २०१२ ची लिनिया टी-जेट, ६१ हजार किलोमीटर चाललेली, मालक परदेशी निघालेले, किंमत दोन लाख साठ हजार. टेस्ट ड्राइव्हला चांदणी चौकाचा चढ लागला, मी थर्ड गिअरमध्ये पाय थोडा दाबला आणि... विषय संपला! बाबा मागच्या सीटवर होते. ते फक्त एवढंच म्हणाले, "सर्व्हिस सेंटर कुठंय याचं?"

बापमाणसाचा प्रश्न नेहमी मुद्द्याचाच असतो. कारण सर्व्हिस सेंटर सोडा, तोपर्यंत फियाट या नावानं भारतात नवी गाडी विकणंच बंद झालं होतं.

नेमकी मजा कशात आहे?

गाड्यांच्या गप्पांमध्ये 'टॉप स्पीड किती?' हा पहिला प्रश्न असतो. माझ्या मते तो सगळ्यात निरुपयोगी. पुणे-मुंबई एक्स्प्रेस-वेवर कारची मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे आणि २०२४ पासून तिथे कॅमेऱ्यांचा पहारा आहे. म्हणजे त्यापुढचा सगळा स्पीडोमीटर निव्वळ शोभेचा. खरी मजा आहे ती शंभरपर्यंत पोचण्यात.

त्यासाठी एक आकडा लक्षात ठेवा : टॉर्क. लिनिया टी-जेटचं इंजिन १३६८ सीसीचं, म्हणजे दीड लिटरही नाही. पण टर्बोमुळे ते २०७ न्यूटन मीटर टॉर्क देतं आणि तोही फक्त २२०० आरपीएमला. त्याच काळातल्या होंडा सिटीच्या दीड लिटर इंजिनात ११८ पीएस होते, म्हणजे हिच्यापेक्षा चार जास्तच. पण तिचा टॉर्क होता १४६ न्यूटन मीटर आणि तो मिळवायला इंजिन साडेचार हजार आरपीएमच्या पुढे पळवावं लागायचं. ती गाडी गाणारी, ही ढकलणारी!

फंडा सोपा आहे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एरवी सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बोमध्ये तोच धूर एक छोटी चक्की फिरवतो आणि ती चक्की इंजिनात जास्तीची हवा कोंबते. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. अट एकच, चक्की फिरायला आधी पुरेसा धूर हवा. म्हणून दोन हजार आरपीएमच्या खाली ही गाडी पेंगत असते. सिग्नलवरून निघताना मागचा बाइकवाला हॉर्न मारतो, आपण शांत. मग काटा दोन हजारांवर सरकतो आणि अचानक कुणीतरी पाठीवर थाप मारून 'चल!' म्हणतं. पाच वर्षं झाली, त्या थापेला मी अजून सरावलेली नाही.

दुसरी मजा स्टीअरिंगची. आजच्या बहुतेक गाड्यांमध्ये स्टीअरिंगला इलेक्ट्रिक मोटरची मदत असते, एका बोटाने फिरतं. लिनियाचं हायड्रॉलिक आहे. पार्किंगमध्ये दंडाला व्यायाम होतो हे खरं. पण वाई सोडून पसरणी घाट चढायला लागलात की तेच जडपण कामाला येतं. पुढची चाकं काय करतायत, रस्ता ओला आहे की कोरडा, खडी आलीय का, हे हाताला कळत राहतं. चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, टायर २०५ रुंदीचे. पावसाळ्यात ताम्हिणी घाटातून माणगावला उतरताना मला या गाडीत कधीच भीती वाटली नाही. धुक्यात वाटते, पण ती वाटायलाच हवी!

फियाट गेली, पण...

आता जरा फ्लॅशबॅक. मराठी माणसाला फियाट काही परकी नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनायला लागली. तिचंच नाव पुढे प्रीमियर पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. पुढे पालिओ आली, तिच्या जाहिरातीत साक्षात सचिन होता. त्यानंतर टाटांबरोबर भागीदारी झाली आणि आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावात कारखाना उभा राहिला. २००९ मध्ये भारतात आलेली लिनिया तिथलीच. तुर्कस्तानात ती २००७ पासून बनत होती, तिचं टर्बो पेट्रोल भावंड म्हणजे टी-जेट इथे २०१० मध्ये आलं.

कारखाना आपल्या जिल्ह्यातला, गाडी भारी, पण ग्राहक फार आलेच नाहीत. गंमत म्हणजे फियाटचंच १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन मारुतीच्या स्विफ्टपासून टाटाच्या व्हिस्टापर्यंत सगळीकडे धावलं. लोकांनी फियाटचं इंजिन घेतलं, फियाट मात्र नाही! एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू होण्याआधीच लिनिया आणि पुंटो दोघींचा बाजार आटोपला. रांजणगावच्या कारखान्यातून जीप बाहेर पडू लागल्या.

माझ्यासारख्या मालकांसाठी याचा अर्थ एकच : गाडी दारात, पण माहेर बंद.

नाना पेठेतलं विद्यापीठ

अशा वेळी माणूस भेटावा लागतो. मला चाचा भेटले. नाना पेठेच्या एका गल्लीत दोन गाड्या मावतील एवढं गॅरेज, भिंतीवर सात-आठ वर्षांपूर्वीचं कॅलेंडर आणि टेबलावर लॅपटॉपला जोडलेला स्कॅनर. चाचांनी हात काळे करायला सुरुवात केली कुर्ल्यात, पद्मिनी टॅक्सीवर. "कंपनी गेली म्हणून काय झालं मॅडम? नट-बोल्ट तर इथंच आहेत ना!" हे त्यांचं पहिल्या भेटीतलं वाक्य.

त्यांच्याकडून मी जे शिकले ते कुठल्याच ब्रोशरमध्ये नव्हतं. पहिला धडा : गाडी एकटी नसते, तिचं गोत असतं. लिनियाचे सस्पेन्शनचे बरेच भाग पुंटोला चालतात, पुंटो रस्त्यावर भरपूर, म्हणून ते भाग मिळतात. टी-जेट इंजिनाचं गोत मात्र छोटं. भारतात ते लिनियाशिवाय २०१५ च्या अबार्थ पुंटोतही आलं, १४५ बीएचपीच्या जोशात. म्हणजे डिझेल लिनियावाल्याला स्विफ्टवाल्यांची अख्खी वरात सोबत, आणि आम्ही टी-जेटवाले म्हणजे हाताच्या बोटांवर मोजावी अशी मंडळी. एखादा सेन्सर हवा असेल तर दिल्ली, कोइम्बतूर, कुठे कुठे फोन होतात. मिळाला की चाचांचा मेसेज येतो : "पार्ट आला." असला आनंद मला चेक क्लिअर झाल्यावरही होत नाही!

दुसरा धडा : टायमिंग बेल्ट. इंजिनातल्या व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताल सांभाळणारा हा रबरी पट्टा. तो तुटला तर दोघं एकमेकांवर आदळतात आणि खर्च गाडीच्या किमतीला भिडतो. जुन्या मालकांकडे बेल्ट कधी बदलला याची नोंद नव्हती. चाचांनी गाडी आत घेतली आणि आधी तोच बदलला, सोबत वॉटर पंपही, कारण तो त्याच बेल्टवर फिरतो. "नोंद नाही म्हणजे बदललेला नाही," त्यांचा साधा नियम.

तिसरा धडा रस्त्यावर मिळाला. २०२३ चा मे महिना, मी साताऱ्याला आईबाबांकडे निघालेली, खंबाटकी घाट अर्धा चढून झालेला. टेम्परेचरचा काटा सरसर वर गेला, बॉनेटमधून वाफ. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, पाऊण तास झाडाखाली बसले. कूलंटचा एक होज फाटला होता. माझ्या आधी कुठल्यातरी गॅरेजने तिथे मापाचा नसलेला पाइप क्लिप आवळून बसवून दिला होता. टो करून गाडी पुण्यात आणली. चाचांनी तो पाइप उलटसुलट करून बघितला आणि तसाच दुसरा बसवायला साफ नकार दिला. "आज जाईल, पुढच्या मे महिन्यात परत घाटात थांबेल." योग्य मापाचा होज यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत मी पीएमपीने फिरले आणि एका मीटिंगला चाळीस मिनिटं उशिरा पोचले. पण त्यानंतर तीन उन्हाळे घाट चढतेय, काटा जागचा हलला नाही.

हिशेब मांडू या का?

'हौसेला मोल नाही' हे ऐकायला छान आहे, पण महिन्याच्या एक तारखेला मोल असतंच. म्हणून पाच वर्षांची डायरीच उघडते. गाडी आता १ लाख ८ हजार किलोमीटरवर आहे, म्हणजे माझ्या हातून ४७ हजार.

दरवर्षीची सर्व्हिस, पाच वर्षांत : ४७,५०० रुपये
चार टायर : २८,०००
क्लच : २६,०००
सस्पेन्शन : २२,०००
टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप : १७,०००
बॅटरी, ब्रेक पॅड, होज, किरकोळ : २४,५००
विमा, पाच वर्षांचा : ४०,०००

बेरीज दोन लाख पाच हजार. त्यात गाडीची किंमत मिळवली तर चार लाख पासष्ट हजार. साठ महिन्यांनी भागा : महिना ७,७५०. हिच्या जागी बारा लाखांचं कर्ज काढून नवी सेदान घेतली असती तर नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी हप्ताच महिना साधारण २४,९०० रुपये पडला असता. फ्रीलान्सरच्या आयुष्यात हा फरक म्हणजे चार महिने काम नसलं तरी झोप लागणं.

पण थांबा, खुश होऊ नका. शहरात ही गाडी लिटरला नऊ-दहा देते, हायवेला चौदा. पाच वर्षांत मी साधारण साडेचार लाखांचं पेट्रोल जाळलंय. गाडी पावणेतीन लाखांच्या आत, पेट्रोल साडेचार लाखांचं! लग्न स्वस्तात झालं, संसार महागात पडला, अशातली गत. रोज हिंजवडीला चाळीस किलोमीटर जा-ये करणाऱ्याने या गाडीकडे फक्त लांबून बघावं. माझं बरंचसं काम घरून चालतं, म्हणून जमतं.

मग विकायची का?

डिसेंबर २०२७ मध्ये माझ्या गाडीच्या नोंदणीला पंधरा वर्षं पूर्ण होतील. मग फिटनेस तपासणी, नूतनीकरणाची फी, वर पर्यावरण कर. पास झाली तर आणखी पाच वर्षं. त्यात पेट्रोलचा नवा पेच. २०२५ मध्ये देशात वीस टक्के इथेनॉल मिश्रणाचा टप्पा गाठला गेला आणि २०१२ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. जुन्या गाड्यांचं मायलेज थोडं घटेल आणि काहींमध्ये वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग, गॅस्केट बदलावे लागतील, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केलं. चाचांनी माझे फ्युएल होज आत्ताच नजरेखाली ठेवलेत.

बाबांचं मत, आता विकावी. एका डीलरने एक्स्चेंजमध्ये ८५ हजार सांगितलेत. आईचा मुद्दा वेगळा आणि त्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. ती म्हणते, "त्यात दोनच एअरबॅग आहेत ना गं?" हो, दोनच. एबीएस आहे, पण गाडी घसरू लागली तर सावरणारी ईएसपी नाही. आपल्याच जिल्ह्यात, चाकणला बनणारी फोक्सवॅगन व्हर्टस माझ्या मैत्रिणीकडे आहे. जीटी, दीड लिटर टर्बो, १५० पीएस, २५० न्यूटन मीटर, सहा एअरबॅग. २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत या मॉडेलला पाच स्टार मिळालेत. मी ती चालवलीय. माझ्या गाडीपेक्षा ती जास्त पळते, कमी पिते आणि जास्त जपते. इथे भावनेला वाव नाही, आकडे तिच्या बाजूने आहेत.

मग मी अडकलेय कशात?

मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीची गोष्ट आठवा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. कारखाना थांबला होता, तरी ती पुढची वीस वर्षं चालली. ३० ऑक्टोबर २०२३ ला ती रस्त्यावरून उतरली ती बिघडली म्हणून नाही, टॅक्सीला घातलेली वीस वर्षांची मुदत संपली म्हणून. वीस वर्षं तिला जिवंत ठेवलं ते कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या दुकानांनी आणि चाचांसारख्या हातांनी. गाडी कंपनी बंद पडल्यावर मरत नाही. ती दुरुस्त करता येणारा शेवटचा माणूस दुकान बंद करतो, तेव्हा मरते.

चाचा आता साठीला आलेत. त्यांचा मुलगा आयटीत आहे. गॅरेजमधला विशीतला पोऱ्या मात्र गेल्या दिवाळीपासून स्कॅनर स्वतः चालवतो आणि माझ्या गाडीचा आवाज ऐकून "मॅडम, डावा बुश गेला" असं अचूक सांगतो. त्याने हे सांगितलं त्या दिवशी माझा निर्णय निम्मा झाला.

उरलेला निम्मा आईबरोबर वाटाघाटी करून झालाय. रात्रीचा हायवे बंद. आईबाबांना घेऊन लांबचा प्रवास असेल तर मैत्रिणीची व्हर्टस किंवा भाड्याची नवी गाडी. लिनिया माझी एकटीची, दिवसाची, घाटाची. डिसेंबर २०२७ ला ती फिटनेसला उभी राहणार. पास झाली तर पाच वर्षं वाढली. नापास झाली तर चाचा बघतील, आणि त्यांनीही मान हलवली, तरच विकणार. तोवर फर्स्ट गिअर, न्यूट्रल, फर्स्ट गिअर, न्यूट्रल... आणि रविवारी पहाटे सहाला पसरणी घाट!

चौकट : जुनी स्पोर्टी सेदान घेताय?

• आधी मेकॅनिक शोधा, मग गाडी. त्या मॉडेलवर हात बसलेला माणसू शहरात नसेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी नमस्कार करून परत या.

• किमतीच्या वर किमान पंचवीस टक्के रक्कम बाजूला ठेवा. पहिल्या वर्षातच टायर, बेल्ट, होज यातलं काहीतरी निघतंच.

• टायमिंग बेल्टची लेखी नोंद मागा. नसेल तर बदललेला नाही असं समजून भाव करा.

• टर्बो इंजिनाला ऑइल वेळेवर आणि चांगल्या प्रतीचं घाला. घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवा, म्हणजे तापलेल्या टर्बोला ऑइल मिळत राहतं.

• नोंदणीची पंधरा वर्षं कधी संपतात ते आरसीवर बघा आणि पुढचा खर्च आत्ताच हिशेबात धरा.

• शेवटचं आणि महत्त्वाचं : टेस्ट ड्राइव्हला बाबांना मागच्या सीटवर बसवा. प्रश्न तेच विचारतील!